गाइक सिम मावशीच्या सोंगट्या

गाइक सिम मावशी संगणकावरचा तो खेळ सारखी हरायची, कारण तिला जोडी हातची सोडवत नसे.

खेळ अगदी साधा. पडद्यावर सोंगट्यांचा ढीग असतो, थरावर थर रचलेला. कडेच्या मोकळ्या सोंगट्यांपैकी सारख्या चित्राच्या दोन शोधायच्या. एकीवर टिचकी, दुसरीवर टिचकी, की दोन्ही गायब. ढीग संपला की जिंकलं. सोंगट्या माहजाँग या चिनी खेळाच्याच होत्या, त्यांवरची चित्रंही तीच: बांबू, वर्तुळं, वारे, ड्रॅगन. मावशीने त्या जन्मभर हाताळल्या होत्या आणि घोळ तिथेच होता. खऱ्या माहजाँगमध्ये दोन सारख्या आल्या की त्या जपून ठेवून तिसरीची वाट बघायची असते. मावशी इथेही तेच करायची.

"मावशी, ते दोन लाल ड्रॅगन समोरच आहेत. उचल ना."

"राहू देत. तिसरा आला तर?"

"इथे तिसरा लागत नाही गं. दोन झाले की काम झालं."

"काय मेला खेळ! चांगलं हातात आलेलं टाकून द्यायचं?"

थोड्या वेळाने चाली संपल्याची पाटी यायची. मावशी चष्मा काढून पडद्याकडे रागाने बघायची. "बघितलंस? माझ्या सोंगट्या दाबून बसलंय हे यंत्र. याच्या डोळ्यांतच दिसतं."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. आयर इताममधल्या आमच्या इमारतीत ती एकटी राहायची, आणि मी बायान लेपासला कारखान्यात सॉफ्टवेअर तपासायच्या पाळीच्या नोकरीला लागल्यापासून तिच्याकडेच राहत होते. तिचा धंदा नवऱ्या मुलींच्या मण्यांच्या चपलांचा. चौकटीवर कापड ताणायचं आणि मोहरीहून बारीक मणी सुईने एकेक करून बसवायचे. डाव्या चपलेवरचा पक्षी उजवीवरच्या पक्ष्याकडे बघणारा हवा. दोन्ही पाय जुळवून उभं राहिलं की त्यांच्या चोची एकमेकींसमोर यायच्या. मला लहानपणी वाटायचं, मावशी चपला नाही, पक्ष्यांची लग्नं लावते.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही, वयाचा कंप आहे. मावशीने चौकट कपाटावर ठेवून दिली, वर जुनी चादर टाकली आणि म्हणाली, "बरं झालं, मानेला आराम." चपलांचं तिने खरंच फार मनाला लावून घेतलं नाही. लागलं ते माहजाँगचं.

दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी जेवणं उरकली की चौघी जणी खालच्या मजल्यावर फाइक लीनकडे जमायच्या. फाइक लीन, सॉ खेंग, ग्वात हून आणि आमची मावशी. मी जन्माला यायच्या आधीपासूनचं टेबल ते. त्या खेळात आपल्या सोंगट्या आपल्यापुढे ओळीने उभ्या ठेवायच्या, चित्रं आपल्याकडे आणि पाठ दुसऱ्यांकडे. फक्त जिंकणारीने आपली रांग सगळ्यांसमोर आडवी पाडायची. मावशीचा हात लागला की सोंगट्या मध्येच पडायला लागल्या. एकदा एकाच डावात तीनदा पडल्या. सॉ खेंग हसली, "अगं, आज काय जिंकायची फार घाई?" बिचारीच्या मनात काही नव्हतं. मावशीही हसली. वर आल्यावर मला म्हणाली, "आता मी खाली जात नाही."

मैत्रिणींना तिने कंपाचं कळू दिलं नाही. सांगितलं काय, तर भाचीने संगणकावर नवा खेळ घालून दिलाय, त्यातच जास्त मजा येते. मलाही ताकीद होती. "तोंड उघडलंस तर या घरात तुला कॉफी मिळणार नाही."

फाइक लीनला ते झोंबलं. लिफ्टमध्ये भेटली की मला टोचायची. "काय गं हुई शिन, तुझी मावशी त्या डब्याशी लग्न लावणार म्हणे? आहेराला काय आणू, वायर?"

मावशीला त्या टेबलावर परत बसायचं होतं आणि हात कुणाला दाखवायचा नव्हता. दोन्ही एकदम होणं शक्य नव्हतं. मधल्या मधे खाली तिघी काही सोंगट्या बाजूला काढून तिघींचा डाव मांडत होत्या, आणि वर मावशी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून माउस हलवत होती.

मला यंत्राचं जेवढं कळत होतं तेवढं मी केलं. सोंगट्या मोठ्या केल्या, बाणाचा वेग कमी केला, टिचकी चुकून शेजारच्या सोंगटीवर पडली तर ती माघारी घ्यायची सोय शोधून दिली. मावशी पुष्कळ सुधारली. एकदा तर अर्ध्याहून जास्त ढीग उपसला. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ती रोज खेळत नव्हती. मंगळवारी आणि शनिवारीच खेळायची, तेही दुपारी, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून.

त्या खिडकीतून खालचा आवाज वर यायचा. डाव संपला की सोंगट्या पालथ्या करून टेबलावर दोन्ही हातांनी गरागरा फिरवतात, त्याला आमच्याकडे सोंगट्या धुणं म्हणतात. समुद्राच्या लाटेने खडे मागे ओढावेत तसा तो आवाज. खाली सोंगट्या धुतल्या जायच्या आणि वर मावशी नवा डाव उघडायची.

मग सॉ खेंग इपोहला गेली. मुलीचं बाळंतपण होतं, महिनाभर तरी येणार नव्हती. दोघींचा डाव होत नाही. खाली सगळं शांत झालं. पहिल्या मंगळवारी मावशी संगणकापुढे बसली, थोड्या टिचक्या मारून उठली.

"काय झालं गं?"

"काही नाही. आज यंत्राचा आवाज बिघडलाय."

यंत्राला कधी आवाज नव्हताच. मी तो पहिल्या दिवशीच बंद करून टाकला होता, कारण जोडी जुळली की ते एखाद्या खेळण्यासारखं किणकिणायचं आणि मावशी दचकायची.

शनिवारी तिने संगणक उघडलाच नाही. मी खाली गेले. फाइक लीनने दार उघडलं, हातात कापलेल्या पेरूची ताटली.

"फाइक लीन मावशी, एक काम होतं. तुमच्या सोंगट्या धुतल्याचा आवाज मला फोनमध्ये भरून घ्यायचाय."

"कशाला?"

"संगणकात घालायला. म्हणजे नवा डाव उघडला की तो आवाज येईल."

तिने माझ्याकडे बघितलं. पेरूची ताटली बाजूला ठेवली, डबा काढला, सोंगट्या टेबलावर ओतल्या आणि एकटीच धुवायला लागली. चौघींच्या आठ हातांचं काम दोन हातांनी. चौकोनी टेबलाच्या कोपऱ्यांतल्या सोंगट्यांपर्यंत तिचे हात पोचत नव्हते, म्हणून ती वाकून वाकून फिरवत होती. मी फोन धरून उभी.

"पुरे?" तिने विचारलं.

"पुरे."

"त्या डब्यात एवढी मजा येते, तर आमचा आवाज कशाला हवा तिला?"

मी कॉफीची आठवण ठेवून गप्प बसले. फाइक लीनने सोंगट्या डब्यात भरल्या नाहीत. पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल. बघू दे मला ते यंत्र."

वर मावशी तिला बघून गडबडली. "तू? आत्ता? घरात नुसता पसारा आहे."

"पसारा बघायला नाही आले. तुझ्या नवऱ्याला बघायला आले. कुठाय तो?"

आता माघार घेता येईना. मावशी संगणकापुढे बसली आणि नवा डाव उघडला. सवयीने तिचा डावा हात उजव्या मनगटावर गेला. मग तिला कळलं आपण काय केलं, पण हात तिने काढला नाही. काढला असता तर बाण पडद्यावर नाचला असता.

फाइक लीनने ते मनगट बघितलं. मग स्टूल ओढून शेजारी बसली.

"तो हिरवा ड्रॅगन घे."

"एवढ्यात नको. तिसरा..."

"अगं, चित्रं संपवायची आहेत ना? मग घे की! मेली जन्मभर दडवादडवीच करत आली." तिने स्टूल आणखी पुढे ओढलं. "माझ्यापासूनसुद्धा."

मावशीने हिरवे ड्रॅगन घेतले. एकजण बोट दाखवत होती, दुसरी टिचकी मारत होती, मधूनमधून एकमेकींना येडी म्हणत होत्या. शेवटी चार सोंगट्या उरल्या आणि अडल्या.

"सॉ खेंग आली की मंगळवारी ये," फाइक लीन उठताना म्हणाली.

"माझ्या सोंगट्या पडतात."

"पडू देत."

"सगळ्यांना दिसतात."

"आम्ही वर बघू. पंख्याकडे."

मावशीला वाटलं, ती नुसती समजूत काढतेय. पण सॉ खेंग इपोहहून परतल्यावर पहिल्याच मंगळवारी मावशी खाली गेली, आणि माझी सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेले. दुसऱ्या की तिसऱ्या चालीला मावशीची एक सोंगटी टप्पकन आडवी झाली. तिघींच्या माना एकदम वर. अगदी ठरवून दिल्यासारख्या. मावशीने सोंगटी उभी केली, तरी तिघी वरच बघत होत्या.

"झालं का?" सॉ खेंगने विचारलं.

"झालं."

"फाइक लीन," ग्वात हून अजून वरच बघत म्हणाली, "हा पंखा तू शेवटचा कधी पुसलास गं? कोळ्याने संसार थाटलाय."

त्या दिवशी पंख्याकडे पुष्कळ वेळा बघून झालं. शनिवारी गेलो तर पंखा लखलखीत. फाइक लीनने भावाकडून शिडी आणवून पाती धुतली होती. ग्वात हूनने तक्रार केली की आता वर बघायला काही उरलंच नाही.

त्याच शनिवारची गोष्ट. खेळ बराच रंगला होता. मावशीने एक सोंगटी उचलली, अंगठ्याने तिचं चित्र चाचपलं. तिचा हात नेहमीसारखा थरथरत रांगेकडे गेला आणि खडाखडा आवाज करत अख्खी रांगच आडवी पडली.

तिघींनी ताबडतोब माना वर केल्या. पंखा फिरत होता. सॉ खेंगने तर डोळेही मिटून घेतले.

"अगं बायांनो, खाली बघा," मावशी म्हणाली. "या वेळी मी मुद्दाम पाडल्यात."