किलिमांजारोवरचं ऊन

हिंगणघाटच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी फिटर होतो. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी शेठनं मला आफ्रिकेत, टांगानिकातल्या कापसाच्या जिनावर धाडलं. वर्षभरात मी धाकट्या भावालाही तिकडं बोलावून घेतलं. माय अल्लीपूरला एकटी राहिली. तिनं त्याला माझ्या भरवशावर सोडला होता.

धाकट्याला किलिमांजारोचं येड लागलं. कधीकाळी आग ओकून थंड झालेला डोंगर, आता माथ्यावर बारमाही बर्फ. आमच्या गावाकडं बर्फ म्हणजे यात्रेतला गोळा. त्यानं महिनाभर टुमणं लावलं. शेवटी हंगाम संपून जिन बंद झालं आणि आम्ही एक वाटाड्या घेऊन निघालो. वाटाड्या पायथ्याच्याच गावचा, आमच्या बापाच्या वयाचा, कमी बोलणारा. तो मुंगीच्या चालीनं चालवायचा आणि मी चिडायचो.

चौथ्या दिवशी सकाळी धाकट्याचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा ओकला. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. तोंड उन्हानं भाजून लालबुंद. वाटाड्या म्हणाला, याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं, दुसरं औषध नाही.

आता तो मला शिकवणार? मी वर्ध्याकडचा. वैशाखात आमच्याकडं माणसं वावरात अशीच पडतात. डोकं दुखतं, ओकारी येते, तोल जातो, म्हणजे ऊन लागलं. अशा माणसाला चालवायचं नाही, सावलीत निजवायचं, तळव्यांना कांदा चोळायचा, ऊन उतरलं की मग हलवायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. थंडी होती, हो. पण बर्फावरून डोळ्यांत घुसणारं ऊनही होतं, आणि मला तेवढंच दिसलं.

वाटेवरच्या मुक्कामाच्या टिनाच्या खोपटात मी त्याला निजवला. वाटाड्यानं दोनदा त्याला पाठीवर घ्यायला हात घातला. दुसऱ्यांदा मी म्हाताऱ्याला ढकलून दिलं. तो दारात बसून राहिला.

"दादा, खाली जाऊ ना," धाकटा म्हणाला.

"ऊन उतरू दे, बापू."

दुपार कलली तशी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली, ओठ निळे पडले. मग मीच बोंबललो, उचल म्हणून. वाटाड्या त्याला पाठीवर घेऊन उतारावर धावत सुटला. अर्ध्या वाटेत, त्या पाठीवरच, धाकटा गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं की ही उंचीची बाधा, सकाळीच उतरवला असता तर वाचला असता. वाटाड्या शेजारीच उभा होता. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावायला हवा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर भाऊ गेला.

अस्थी घेऊन अल्लीपूरला आलो. सगळं खरं सांगायचं, माय मारेल तर मारू दे, असं बोटीवरच ठरवलं होतं. डोंगर, डोकेदुखी, ओकारी, इथवर सांगितलं आणि मायनं मला थांबवलं.

"ऊनच लागलं माह्या लेकराले. उन्हात चालवलं तं नाई ना रे त्याले?"

"नाई माय. निजवूनच ठेवलं होतं."

"बेस केलं."

पुढचं माझ्या तोंडून निघालंच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय सांगायची की थोरल्यानं धाकट्याला उन्हात एक पाऊल टाकू दिलं नाही, जवळ बसून राहिला, सख्खा भाऊ असावा तर असा. मी तिथंच मान खाली घालून बसलेला असायचो. ती मरेपर्यंत हेच सांगत राहिली, आणि मी एकदाही तिला थांबवलं नाही.