आईच्या फळीवरचा फोन

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी राहू गावात, माझ्या घरी, त्याच्यासाठीच बेसनाचे लाडू वळत होते. फोन त्याच्याच नंबरवरून आला, म्हणून "काय रे, भूक लागली वाटतं?" असंच म्हणाले. पलीकडून दुसराच कुणी बोलत होता. शिरूरच्या मंगल कार्यालयात लग्नाचं शूटिंग करता करता दादा खाली बसला, तो उठलाच नाही... लाडू मी त्यानंतर केलेले नाहीत.

विलासदादा माझा थोरला भाऊ. लोकांची लग्नं शूट करता करता स्वतःचं राहून गेलं. न्हावऱ्याच्या घरात तो आणि आई, दोघंच. शिरूर-दौंडमधल्या कितीतरी हळदी, बारशी, जयंतीच्या मिरवणुका त्यानं कॅमेऱ्यात धरल्या, स्वतः मात्र एकातही नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याला आदरांजली वाहण्याच्या कार्यक्रमाच्या, बॅनरसाठी फोटो शोधत घर पालथं घातलं. शेवटी आधार कार्डावरचा, पोलिसांनी धरून आणल्यासारखा चेहरा मोठा करून लावला. दादानं पाहिला असता तर बॅनरवाल्याची काही खैर नव्हती.

मग त्याचा लॅपटॉप मी राहूला आणला. शूट केलेलं सगळं तो क्लाउडवर ठेवायचा. ती जागा भरत आली होती आणि लोकांना त्यांची लग्नं द्यायची होती. एकेक फोल्डर डाउनलोड करायला बसले. आमच्याकडं लाईट गेली की नेट जातं, मोठी फाईल अर्ध्यात तुटते आणि पहिल्यापासून सुरू होते. एडिट केलेल्या व्हिडिओत नुसती गाणी. या कच्च्या फायलींत मात्र दादा होता. दिसत नव्हता, बोलत होता. "मामी, हसा की जरा! लेकीचं लगीन हाय, पंचायतीची मीटिंग न्हाई." मी हसायचे आणि हसता हसता रडू फुटायचं. शेवटच्या लग्नाची फाईलही कॅमेऱ्यातल्या कार्डावरून उतरवून घेतली. तो पडल्यावरही कॅमेरा चालूच होता म्हणतात... ती मी उघडलेली नाही.

एके सकाळी तिथं नवी फाईल दिसली. आदल्याच संध्याकाळची. दादाच्या खात्यात, दादा नसताना, कोण काय ठेवतंय? उघडली, तर आधी न्हावऱ्याच्या घरातले फळीवरचे डबे, मग आईची हनुवटी. "इलास, शेळी व्याली रं. दोन करडं झाली."

आईला वाचता येत नाही. शूटिंगच्या वेळी दादा फोन उचलायचा नाही, म्हणून त्यानं आपला जुना फोन फळीवर ठेवून तिला एवढंच शिकवलं होतं: लाल गोल दाबायचं, बोलायचं, पुन्हा दाबायचं. व्हिडिओ आपोआप क्लाउडवर जायचा आणि दादा जेवताना बघायचा.

न्हावऱ्याला गेल्यावर भीत भीत विषय काढला. आई भडकली. "मला काय याड लागलंय व्हय? माझ्या म्होरनं न्हेला त्याला." मग फोन पदरानं पुसत म्हणाली, "पर सांजच्याला हात जातुया, संगे. ह्यो फोन घेतुया तवर सांगते."

त्यानंतर मी घाई केली. जागा भरली असती तर आईचं बोलणं फोनमध्येच अडकलं असतं. लग्नं हार्ड डिस्कवर उतरवायची आणि क्लाउडवरून पुसायची. 'कायमचं काढून टाकायचं?' असं ते दर वेळी विचारतं, आणि डिस्कवर सगळं आहे हे ठाऊक असूनही माझं बोट थबकतं. जुन्या फोनचं रिचार्ज मीच मारते. आईचे व्हिडिओ मी रोज बघते, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

परवाचा व्हिडिओ नेहमीसारखाच. डबे, हनुवटी, कांदा काढायला माणसं मिळत नसल्याची तक्रार. मग ती थांबली.

"आन् संगे... तू बघतीस, ठावं हाय मला. रडत बसू नगंस. जेवून घे."

लाल बटण दाबायला ती विसरली. फोन फळीवर आडवा पडला असावा, कारण पुढं बराच वेळ नुसते छपराचे पत्रे दिसत राहिले. मग खाली ताट मांडल्याचा आवाज आला... आणि थोड्या वेळानं, दुसऱ्या ताटाचा.