उंच टाचांच्या चपला

तुम्ही चहा घ्या, मी सांगते. पण एक अट आहे. मध्ये हसायचे नाही. शेवटी हवे तेवढे हसा, कारण तोवर माझ्या बाजूने बोलण्यासारखे तुमच्याकडे काही उरणारच नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली. माझी ही चूक मात्र एवढी मोठी, की तिच्याखाली रेघ ओढायला अख्ख्या चर्चच्या लांबीची पट्टी लागली असती.

माझा मुलगा आदित्य पोर्तुगालमध्ये नोकरी करतो. तिथल्याच इनेस नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले. मुलगी गोड, घरचे लोक कॅथलिक आणि जुन्या वळणाचे. लग्न तिच्या गावच्या दगडी चर्चमध्ये, अगदी रीतसर. त्यांच्याकडे नवऱ्या मुलाला त्याची आई हाताला धरून दारापासून वेदीपर्यंत नेते. आदित्यचे बाबा आज नाहीत. म्हणजे आमच्या घरातर्फे साऱ्या गावादेखत चालणारी मी एकटी.

"आई, साडीच नेस," आदित्य व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "फक्त खाली त्या तुझ्या डॉक्टरच्या चपला नकोत. इनेसची आई कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर आहे."

काटेकोर! माझ्यासमोर, माझ्याच मुलाने, हा शब्द दुसऱ्या कुणासाठी वापरला. मनोमन मी विहीणबाईंशी, म्हणजे तेरेझाबाईंशी, शर्यत लावली. त्या चालण्यात एक चूक होणार नाही.

त्या दिवसांत मला जागेपणीच स्वप्ने पडू लागली. दुपारी गॅलरीत बसले की समोरच्या इमारतींचे गिलावे विरघळून जात, तिथे उंच कमानी उभ्या राहत, रंगीत काचांतून उजेड झिरपे आणि मी लेकाच्या हातात हात देऊन संथपणे चालत असे. वेदी अगदी जवळ आली की आनंदनगरच्या कारखान्याचा भोंगा वाजे आणि मी पुन्हा अंबरनाथला येई, मांडीवर अर्धवट निवडलेली मेथी घेऊन.

वेशभूषेचा अभ्यास मात्र मी डोळे उघडे ठेवून केला. पांढरा रंग नाही, तो नवरीचा. काळा नाही, तो आपल्याकडेही लग्नात चालत नाही. खांदे झाकलेले हवेत. ते माझे जन्मभर झाकलेलेच आहेत. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सुलभाबाईंनी महिनाभर रंगांवर विचार करून मोरपंखी पैठणी पक्की केली. राहिल्या चपला.

त्यासाठी आम्ही दोघी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. सिंधी दुकानदाराने सोनेरी पट्ट्यांचा, उंच टाचांचा जोड काढला आणि 'एकदम फॉरेन का माल' असे सांगितले. फॉरेन म्हणजे मागची गल्ली, हे आम्हा अंबरनाथकरांना पाठ आहे. मी टाच कमी करून मागितली.

"मॅडम, दूल्हे की माँ हो," तो म्हणाला. "एक दिन तो ऊँचा दिखो."

त्या वाक्याने मी हरले. घरी आल्यावर सराव सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ दारापासून देवघरापर्यंत, एका हाताने सुलभाबाईंचे कोपर धरून, मी चालत असे. सुलभाबाई आदित्य होत आणि तोंडाने बाजाही वाजवत. खालच्या मजल्यावरचे पाटीलकाका एकदा वर येऊन अदबीने विचारून गेले, की बाई, सुतारकाम अजून किती दिवस चालणार आहे?

सुलभाबाईंनी आणखी एक शहाणपण केले. चपला पायात घालून मला उभे केले आणि त्या उंचीला परकर शिवून घेतला. निऱ्याही त्याच उंचीला पिना लावून बांधून टाकल्या. "टाच दिसता कामा नये, फक्त तुमची उंची दिसली पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लग्नाच्या दिवशी सगळे माझ्या स्वप्नातल्यासारखेच होते, उलट थोडे अधिकच. नदीकाठचे गाव, लिंबाच्या झाडांचा वास, उन्हात पिवळसर दिसणारे ते चर्च. मी लवकर पोहोचले. पायऱ्या चढले आणि नेमकी वर घंटा वाजू लागली.

आता तुम्हीच सांगा. झिजलेली दगडी पायरी, उंबरठा, आत काळोखात तेवणाऱ्या ज्योती आणि डोक्यावर घंटा. जन्मभर महादेवाच्या देवळात जाणाऱ्या बाईचे पाय अशा वेळी काय करतील? त्यांनी मला विचारलेसुद्धा नाही. पाय आपोआप चपलांतून बाहेर आले आणि मी, हजारो मुलांना लावली तीच शिस्त पाळून, चपला पायरीच्या कडेला, टोके बाहेर करून, नीट जोडीने ठेवल्या. दुसऱ्या कुणाच्या तिथे दिसल्या नाहीत. पाहुणे अजून यायचे असतील, असे मी समजले.

इतक्यात तेरेझाबाई आल्या. अभिवादन झाले आणि त्यांची नजर माझ्या पायांशी खिळली. पैठणीचा काठ पाहत असणार! म्हणून मी निऱ्या किंचित उचलून काठ नीट दाखवला. त्यांनी छातीवर हात ठेवला, आपले मोत्यांचे बूट काढले आणि माझ्या चपलांशेजारी ठेवले. विहीण देवभोळी निघाली, मला फार बरे वाटले.

वाद्य सुरू झाले. आदित्यने हात पुढे केला. आणि पहिल्याच पावलाला मी माझ्याच पैठणीवर उभी राहिले.

टाचा बाहेर, निऱ्या आत. दोन्हींमध्ये जो फरक होता तो सगळा पायांखाली. डाव्या हाताने निऱ्या उचलून मी चालू लागले. पण खरे सांगू? तशी मी कधीच चालले नाही. तळव्यांखाली गाभाऱ्यासारखी गार फरशी, निळे-तांबडे कवडसे अंगावरून सरकताहेत, आणि शेजारी लेक. जमीन पायाला लागत होती आणि तरीही मी तरंगत होते.

"आई, तुझ्या चपला?" आदित्य ओठ न हलवता पुटपुटला.

"बाहेर. जोडीने ठेवल्या आहेत."

"का?"

"का म्हणजे? देवळात चपला घालून कोण येतं?"

"सगळे," तो म्हणाला. "आई, इथे सगळे घालूनच येतात."

मी बाकांखाली पाहिले. चकचकीत बुटांची रांगच्या रांग. त्या क्षणी फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटले. पण तेवढ्यात दुसरेच घडू लागले. तेरेझाबाई ओळीओळीने वाकून कानात काही सांगत होत्या आणि त्या जातील तिथे माना खाली जात होत्या. लोक बुटांच्या नाड्या सोडत होते आणि बूट हातोहात मागे, दाराबाहेर पोहोचवत होते. लांब कोटातल्या एका भारदस्त मामांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. ते दुसऱ्या पायाने त्याला झाकत होते. मग नवरी दारात आली, कुणीतरी तिलाही सांगितले आणि तिने झग्याच्या आतल्या आत आपले बूट भिरकावले. तिचाही झगा टाचांच्या उंचीला बेतलेला! तीही माझ्यासारखाच घोळ उचलून आली. पाद्रीबुवांनी सारे पाहिले आणि प्रवचनात, आदित्यने मला नंतर सांगितले तसे, पवित्र भूमीवर जोडे काढणाऱ्या कुणा पुण्यपुरुषाची गोष्ट सांगितली. मागच्या बाकांवर जे थोडे अजून बूट घालून होते, ते या गोष्टीने शरण आले.

मी तेव्हाच उभी राहून सांगायला हवे होते. मी काय केले? मान किंचित झुकवली. जणू परंपराच.

बाहेर आलो. पायरीच्या कडेला साऱ्या गावाचे बूट ओळीत, टोके बाहेर करून. माझ्या आयुष्यात इतकी शिस्त कुठल्याही वर्गाने पाळली नव्हती. मी घाईने चपला घालू गेले, तर प्रवासाने आधीच सुजलेले पाय इतका वेळ उभे राहून आणखी फुगलेले. पट्ट्यांत बोटेसुद्धा शिरेनात. वळून पाहते तो वऱ्हाड माझ्याकडे टक लावून उभे. आदित्य जवळ आला.

"तेरेझा आंटी विचारतायत, पुन्हा बूट कधी घालायचे?"

"मग?"

"मी म्हटलं, आई घालेल तेव्हा."

त्यानंतरचे जेवण, भाषणे, नाच, सगळे हिरवळीवर अनवाणी झाले. सूर्य मावळायला तयार नव्हता. मामा आता अंगठा न झाकता नाचत होते, आणि घोळ उचललेल्या तेरेझाबाई मला हिरवळीवर गोल गोल फिरवत होत्या. दोघींपैकी अधिक काटेकोर कोण, हे ठरवायचे राहूनच गेले.

परत आल्यावर सुलभाबाईंना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसून एकेक पाहिला आणि विचारले, "बाई, चपला कुठे आहेत?" त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण खरी शिक्षा व्हायची होती. परवा एक चप्पल घेऊन उल्हासनगरला गेले. पट्टा थोडा सैल करून मिळतो का, ते विचारायला. दुकानदाराने ती उलटी केली, तळ निरखला, आणि भर दुकानात गिऱ्हाइकांपुढे नाचवली.

"देखो, देखो! मॅडम फॉरेन की शादी घूम के आई, एक खरोंच नहीं! ये होता है माल!"

त्या गिऱ्हाइकांतली एक मला म्हणाली, "चालायला बऱ्या आहेत का हो?"

आणि कधी कुणाचे खोटे खपवून न घेणारी मी म्हणाले, "पायात आहेत, हे कळतसुद्धा नाही."