डाव्या पिळाचा गळ

आधी चूक सांगतो, मग अनुभव. उलटं सांगितलं तर वाचणारे अनुभवातच रमतील आणि चूक बाजूला राहील. तेहतीस वर्षं मी तिला तशीच बाजूला ठेवली होती...

बाविसाव्या वर्षी माझ्या हातून गावाच्या पिण्याच्या पाण्यात एक मासा मेला. आळ दुसऱ्या माणसावर आला. मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो. चूक ती एवढी.

आता दुसरं. भूतखेत, करणी, बाहेरची बाधा, यातलं मी काही मानत नव्हतो. आजही मानत नाही. खाली कमेंटमध्ये 'आता तरी माना' असं कुणी लिहिणार असेल तर राहू द्या. जे झालं ते मी दिवसाढवळ्या, शुद्धीत, दुसऱ्या एका माणसाच्या देखत पाहिलं. मला त्याचा अर्थ लागत नाही. पण अर्थ लागत नाही म्हणून मी कुठल्याही लिंबाला टाचण्या टोचणार नाही.

माझं गाव औसा तालुक्यातलं, नाव लिहीत नाही. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. "जिल्हा नवा आला, पाऊस तेवढा उस्मानाबादला राहिला," असं लोक चावडीवर म्हणायचे. दोन पावसाळे कोरडे गेले होते. आमचं किराणा दुकान. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. आणि मला वेड मासे धरायचं. खायचं नाही हो, मासा मी आजवर तोंडात घातलेला नाही. पाण्यावरची तरंगी थरथरते, थांबते आणि एकदम खाली जाते... त्या क्षणाचं वेड.

हे मला शिकवलं यशवंतानं. तो बौद्ध वस्तीतला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावच्या तळ्यावर रोजंदारीनं राखणदार होता. सहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला 'यशवंता' म्हणायचो आणि तो मला 'शिवा'. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात मासा कसा धरायचा हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. वाचणाऱ्यांत कुणी गळ टाकणारे असतील तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. उजाडल्यापासून ऊन पाठीला लागेपर्यंतच बसायचं. नंतर पाणी तापतं आणि मासा खोल जातो, मग दिवसभर बसून फक्त डोकं दुखतं. वारा ज्या काठाला जाऊन आपटतो तो काठ धरायचा, कारण किडामुंगी तिकडंच वाहत जाते. पाणी उथळ आणि नितळ असलं की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक, गळ लहान, आमिष त्याहून लहान. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. धरलेला मासा उन्हात टाकायचा नाही, ओल्या पोत्याखाली ठेवायचा. आणि मरळ पाण्यावर तोंड काढते तेव्हा तिच्यापुढं गळ टाकायचा नाही.

"कामून?" मी विचारलं होतं. "त्याच वेळी तर सोपी सापडती."

"ती श्वास घ्यायला आलेली असती, शिवा. जेवायला न्हाई," तो म्हणाला. "तुला कुणी नाक वर काढल्यावर दगड मारला तर?"

गळ बांधायची त्याची एक पद्धत होती. तो डावखुरा, त्यामुळं गळाच्या दांडीवर तंगसाचे वेढे उलटे पडायचे. सात वेढे. राहिलेल्या टोकाला बारकी गाठ, आणि ती विडीच्या विस्तवानं चिकटवलेली. मोहरीएवढा काळा मणी दिसायचा. मला बांधता येत नव्हतं, म्हणून तो डझनभर गळ बांधून काडेपेटीत घालून द्यायचा. ती पेटी मी दुकानात गुळाच्या ढेपीमागं लपवायचो.

तळ्याच्या पोटात एक जुनी विहीर होती. तळं बांधलं तेव्हा कुणाच्या तरी शेतातली बुडालेली. त्या उन्हाळ्यात तळं इतकं हटलं की विहिरीचा काठ उघडा पडला. गावातल्या विहिरींनी तळ गाठला होता, म्हणून सगळं गाव तिथं पाणी भरायला लागलं. वस्तीतल्या बायाही त्याच काठावरून त्याच पाण्यात पोहरा सोडू लागल्या. टंचाईनं आमच्या गावात एवढी एक चांगली गोष्ट केली होती. यशवंतानं विहिरीत मरळीची एक जोडी सोडली होती. ती किडे खाते, आणि तळं आटलं तरी बियाणं शिल्लक राहतं. मला त्यानं बजावलं होतं, "बाकी कुठंबी बस. हिच्यात गळ टाकू नको."

मी टाकला. बाया यायच्या आधी, झुंजुमुंजू होताना. मोठी मरळ श्वास घ्यायला वर आली आणि मी आमिष तिच्या तोंडापुढं सोडलं. तिनं घेतलं. ओढताना तंगूस काठाच्या दगडाला घासून तुटलं आणि ती गळासकट खाली गेली.

चौथ्या दिवशी ती फुगून वर आली. विहिरीवर गाव जमलं. पोलीस पाटलानं तिच्या जबड्यातून गळ काढून तळहातावर धरला. "डावा पीळ हाय," तो म्हणाला. "ह्यो एकाच माणसाचा." मागून कुणीतरी बोललं, "ह्या लोकांना काठावर येऊ दिलं, त्याचं फळ." मग सगळेच बोलायला लागले. यशवंत फक्त म्हणाला, "गळ माझा हाय, टाकला मी न्हाई." मग त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, मागं उभा होतो. मी खाली पाहिलं.

त्याचं काम गेलं. वस्तीतल्या बायांना विहीर बंद झाली. उरलेला उन्हाळा, अडीच महिने, त्यांनी माळापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणलं. यशवंत नांदेडला निघून गेला. पुढं पोस्टात लागला हे कळलं होतं, कोणत्या भागात राहतो तेही. पत्ता मला कायम ठाऊक होता...

आता अनुभव. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातला. मी लातूरला सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. माझ्याबरोबरचे हमीदभाई गळाचे शौकीन. एका रविवारी म्हणाले, "शिवराज, तुझ्या गावच्या तळ्यात डबकं उरलंय म्हणे. चल ना." त्या तळ्यावर मी तेव्हापासून गळ टाकला नव्हता. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून गेलो.

सकाळचे सात वाजले असतील. विहिरीचा काठ पुन्हा उघडा पडला होता. पिण्याचं पाणी आता टँकरनं येतं, त्यामुळं तिकडं चिटपाखरू नव्हतं. मी विहिरीपासून लांब, डबक्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. गळ घरीच बांधून आणला होता. माझे वेढे उजवे, पाच. टाकला. तरंगी हललीसुद्धा नाही. आमिष बघावं म्हणून वर काढला.

वेढे डावे होते. सात. टोकाला काळा मणी.

पहिल्यांदा वाटलं, जुना गळ चुकून आला. पण जुने गळ मी त्याच साली नाल्यात फेकले होते. हमीदभाईंना दाखवला. "दुकानदारानं बांधून दिला असेल मियाँ. वय झालं तुमचं."

मी गळ कापला, त्यांच्यासमोर नवा बांधला. टाकला, पाच मिनिटांनी काढला. डावा पीळ. मणी. मी मण्याचा वास घेतला... जळक्या नायलॉनचा वास होता. आमच्या दोघांत विडी-सिगारेट ओढणारं कुणी नव्हतं.

हमीदभाई आता हसत नव्हते. "थांब. मी बांधतो." त्यांनी डब्याच्या पिशवीचा लाल दोरा तोडला आणि खूण म्हणून तंगसाबरोबर तोही गुंडाळला. काठी माझ्या हातात दिली. मी टाकला, तंगसावरची नजर न हलवता बसलो. काढला तेव्हा लाल दोरा तसाच होता, पण सात डाव्या वेढ्यांच्या आत नीट बसवलेला.

मग मी हट्टाला पेटलो. ऊन चढलं, मासा लागायची वेळ टळून गेली, तरी मी कापतोय, बांधतोय, टाकतोय. नऊ वेळा. नऊही वेळा तेच. काठी हमीदभाईंच्या हातात असली की त्यांची गाठ त्यांचीच राहायची. माझ्या हातात आली की बदलायची. शेवटी त्यांनी काठी काढून घेतली. "बस कर, शिवराज. हे जे काय आहे ते तुझं आहे. मला सांगू नको, पण ज्याचं आहे त्याला सांग."

मोबाईलवर फोटो काढलेले आहेत. कुणाला दाखवणार नाही; फोटोतली गाठ कुणीही बांधू शकतं. माझ्यापुरतं मी पाहिलंय.

घरी बायकोला सगळं सांगितलं, तेहतीस वर्षांपूर्वीचंही. तिनं माहेरी फोन केला. मग घरात नातेवाईक आले, आणि ज्याला त्याला उपाय सुचायला लागले. पाण्याला नारळ दे, विहिरीवर अभिषेक कर. एक मेव्हणे म्हणाले, "त्या माणसानंच करणी केली असणार. असल्या लोकांना येतं ते." तिथं मी ताटावरून उठलो. त्यांना म्हणालो, "एकदा त्याच्यावर खोटा आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. आता माझ्याच घरात दुसऱ्यांदा बसणार नाही." वाचणाऱ्यांनाही तेच सांगतो. करणीबिरणी लिहायची असेल तर माझ्या नावावर लिहा.

नांदेडला गेलो. यशवंतानंच दार उघडलं. पांढरे केस, डावा हात अंगाशी धरलेला. मी म्हणालो, "दादा, ओळखलंत का?"

"ओळखलं की. औशाचा शिवा." मग जरा थांबून, "वय झालं म्हणून दादा, का काम हाय म्हणून?"

चहा झाला. मी सगळं बोललो, अडखळत. मरळ मी धरली होती हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"गळ मी बांधला. कुणाला दिला ते मला ठाऊक नसंल? तुझ्याबिगर कुणाला देत होतो मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"शेटजीच्या पोरानं, लिंगायताच्या पोरानं मासा धरला, आसं मी सांगायचं? आन गावानं ऐकायचं?" तो हसला. "तू बोलशील म्हणून थांबलो. जायच्या दिवशी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. म्हणलं, येतंय पोरगं."

मी खिशातून लाल दोऱ्याचा गळ काढून पुढं ठेवला. त्यानं उजव्या हातानं उचलून डोळ्यांजवळ नेला. नखानं वेढे मोजले. मण्यावरून बोट फिरवलं.

"माझाच हाय," तो म्हणाला. "पण चार वर्षं झाली ह्या हाताला लकवा मारून. शर्टाची गुंडी सून लावती." तळ्यावर काय झालं ते सांगितलं तर त्यानं मान हलवली. "असलं मी मानत न्हाई, शिवा. तूबी मानू नको." आणि गळ मला परत दिला.

मी हात जोडून माफी मागायला लागलो, तर त्यानं अडवलं. "हितं नको. मला एकट्याला सांगून काय करू? पाणी काय माझ्या एकट्याचं बंद झालं होतं?"

"वस्तीत येऊन मागतो."

"वस्तीला ठाऊक हाय की मी टाकला न्हाई. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यापुढं माग. विहिरीवर. मी येतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. मी आदल्या दिवशी गावात घरोघर सांगून आलो होतो. माझा चुलतभाऊ म्हणाला, "जुनं उकरून काय मिळणार हाय तुला? अण्णांचं नाव जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे."

तरीही वीस-पंचवीस माणसं आली. काही नुसती गंमत बघायला. पोलीस पाटील वारला होता, त्याचा मुलगा आला. वस्तीतून गिरजाबाई आल्या, नातीचा हात धरून. त्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात मूल होतं, आणि त्या माळापलीकडून दोन-दोन घागरी आणायच्या, हे मी रोज दुकानाच्या पायरीवरून पाहिलं होतं.

तळ्यावर काय घडलं, का घडलं, हे मला आजही सांगता येत नाही. हमीदभाईंनाही नाही. नंतर मी पुन्हा गळ टाकून पाहिलेला नाही, पाहणारही नाही. पीळ सुटला का नाही, हे बघण्यासाठी मी माफी मागितली असं मला कधी वाटायला नको.

विहिरीच्या काठावर, पाटलानं गळ धरला होता त्याच जागी उभा राहिलो आणि जे बोललो ते इथं जसंच्या तसं लिहितो.

"तो गळ यशवंतदादांनी बांधला होता, पण टाकला मी. मरळ मी धरली, पाणी मी नासवलं. ज्या दिवशी त्यांच्यावर आळ आला त्या दिवशी मी इथंच, अण्णांच्या मागं उभा होतो. माझं तोंड कुणी दाबलेलं नव्हतं. मला बोलता येत होतं, मी बोललो नाही. दादा, तुमचं काम आणि तुमचं गाव माझ्यामुळं सुटलं. गिरजाबाई, तुम्ही आणि वस्तीतल्या सगळ्या बायांनी अडीच महिने त्या माळावरून पाणी वाहिलं, ते माझ्यामुळं. मला माफ करा."