मारोतीभाऊंची काडी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही, आणि अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. माणसाबद्दल कसं लिहितात, मला ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांच्याशी मी नीट वागलो नाही. पण न लिहिताही बसवत नाही.

वैनगंगेच्या घाटावर मारोतीभाऊ डोंगा चालवत. मासेमारी आणि माणसं पलीकडे नेणं, दोन्ही कामं. माझं हायस्कूल पलीकडच्या काठावर होतं, त्यामुळे पाच वर्षं मी त्यांच्या डोंग्यात बसलो. घाटावर आलं की ते आधी पाण्याच्या कडेला, जिथं ओल संपते तिथं, एक काडी खोचत. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसत. खर्रा तोंडात गेला की उठून काडी पाहत. पाणी होतं तिथंच असलं तर "बसा". काडीला चढलं असलं तर "नाई". का नाही, हे एकदाच सांगत. दुसऱ्यांदा विचारलं तर नदीकडे बोट दाखवत.

एकदा लग्नाची वरात घाटावर अडली. मुहूर्त टळू लागला तसा नवरदेवाचा बाप चिडला. "तुह्या काडीले इचारून लगन लावाचं का आमी?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "लगन उद्याबी लागन. पण नवरदेव तं पायजे ना."

वरातीतले लोक हसले. नवरदेव सगळ्यात जास्त हसला. वरात दुसऱ्या दिवशी पलीकडे गेली.

गावात त्यांची थट्टा व्हायची. 'मारोतीभाऊच्या काडीनं वैनगंगा चालते' म्हणायचे. पण घरची लेकरं पाठवायची वेळ आली की तेच लोक विचारायचे, "डोंग्यावर कोण हाय?" मारोतीभाऊ असले तरच पाठवायचे.

मी चंद्रपूरला कॉलेजात गेलो. दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी ठरवलं की नदीत जाळं टाकून मासे काढायचे आणि त्यांची यादी करायची. त्या मला म्हणाल्या, "तू नदीकाठचा. भरवशाचा नावाडी तूच शोध." वर्गात मला कोणी काही विचारत नसे. मी लगेच मारोतीभाऊंचं नाव सांगितलं. फोनवर भाऊ म्हणाले, "ये घेऊन. पण पाणी पाहून सांगीन."

श्रावणातला दिवस होता. आम्ही सात जण घाटावर उतरलो. माणसं सात, लाइफ जॅकेटं चार. आभाळ मात्र स्वच्छ. भाऊंनी काडी खोचली. मी घड्याळ पाहत होतो, मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. खर्रा झाला. काडीचं टोक तेवढं पाण्याबाहेर राहिलं होतं.

"आज नाई," भाऊ म्हणाले.

"पण भाऊ, आभाळ तं साफ हाय," मी म्हणालो.

"इथलं आभाळ काय पायतं? वरच्या अंगाले पाऊस पडला असन. पाणी चढून राह्यलं."

शेजारच्या घाटावरचा एक तरुण मोटर बसवलेली नाव घेऊन तिथंच उभा होता. तो म्हणाला, "बसा मॅडम. बाबाच्या काडीची वाट पाह्यली तं उन्हाळाच लागन."

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम म्हणाल्या, "तू तर भरवशाचे म्हणाला होतास." तेव्हा मी जे बोललो ते पुस्तकातल्या मराठीत बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भाऊ, तुम्ही आता म्हातारे झालात. तुम्हाला भीती वाटते."

त्यांनी काडी उपटली आणि धोतराला पुसली. "होय बावा, भेतो. भेल्याबिगर डोंगा चालवता येत नाई."

आम्ही मोटरच्या नावेत बसलो. वळणावर पाणी गढूळ झालं, नाव दोनदा आडवी फिरली, इंजिन थोडा वेळ बंद पडलं. मी नावेची कड घट्ट धरून ठेवली होती. इंजिन पुन्हा लागलं. आम्ही परत आलो. अकरा जातींचे मासे मिळाले. मॅडमनी माझं कौतुक केलं.

काहीच झालं नाही, हाच माझा त्रास आहे. काही झालं असतं तर कोणी मला रागावलं तरी असतं. मी सुखरूप आलो, म्हणजे माझंच बरोबर ठरलं, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं नाही. इंजिन बंद होतं तेव्हा मी देवाचं नव्हे, मारोतीभाऊंचं नाव घेत होतो, हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर गावी गेलो की मी घाटाकडे जायचं टाळू लागलो. दरवेळी ठरवायचो, आज जाऊन बोलू. चप्पल घालायचो, चौकापर्यंत जायचो आणि कोणाशी तरी बोलून परत यायचो. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. काय म्हणायचं ते मी बसमध्ये पाठ करायचो आणि वाटेत सिंदेवाही येईपर्यंत ते खोटं वाटू लागायचं.

परवा दुपारी आईचा फोन आला. होस्टेलच्या पायरीवर बसून ऐकला. मारोतीभाऊ गेले. चार दिवस ताप होता, अन् गेले.

मग आई म्हणाली, "आज त्याची बायको सांगे, तुमी नावेत गेले ना, त्या दिवशी थो तुमच्या संगं काठाकाठानं चालत होता. खांद्यावर दोर, अन् बुडत्याले धराले दोन वाळले भोपळे. तुमी परत येऊन उतरले तवा घरी आला, अन् पायातले काटे काढत बसला."

मी विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

"त्यानंच नाई सांगू देल्लं," आई म्हणाली. "म्हणे, पोट्ट्याले लाज वाटन."