समुद्रगायीची शेपटी

समुद्रगाय बघायला चाललोय म्हटल्यावर आमच्या मंगळवार पेठेतून पहिली पृच्छा आली ती दुधाची. देते, पण फक्त पिलाला. सडं दोनच, तीही वल्ह्यासारख्या हातांच्या बगलेत.

२००८च्या फेब्रुवारीत निघालो. सोबत हुपरीचे चांदी कारागीर दस्तगीरभाई. मदुराईच्या एका व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून चांदीची समुद्रगाय मागवली होती, नमुना म्हणून. पसंत पडली तर तशा आणखी चाळीस. दोन महिने त्यांच्या हाताला काम नव्हतं. चित्र मी दिलेलं, जुन्या कोशातून. सगळ्या समुद्रगायी एकच, अशी माझी पुस्तकी बुद्धी.

कोल्हापूर-बेंगळूर रेल्वेचं स्लीपर आधी काढून ठेवा. बेंगळूरला फलाटावर प्राण्यांचं एक पुस्तक घेतलं आणि पुढच्या गाडीत ते उघडलं, तर समुद्रगायी दोन तऱ्हेच्या निघाल्या. पंख्यासारखी गोल शेपटी मॅनेटीची. ती अमेरिका-आफ्रिकेकडची, नद्यांतही राहणारी. आपल्याकडचा डुगाँग समुद्र सोडत नाही, आणि त्याची शेपटी डॉल्फिनसारखी दुभंगलेली. दस्तगीरभाईंच्या पिशवीत कापसात निजलेली गाय गोल शेपटीची होती. मी एवढंच म्हणालो, की माल देण्याआधी जनावर एकदा बघून घेऊ.

मदुराईहून समुद्रकाठचं मंडपम बसनं चार तास. लॉज दोघांत अडीचशे. इडली उत्तम, सांबाराला तिखट माहीत नाही, हे दस्तगीरभाईंचं मत.

सकाळी एका कोळ्याची नाव ठरवली. तो मोडक्या हिंदीत सांगत होता, की ती फार बुजरी. तळाचं गवत मुळासकट उपटून खाते, मागे वाळूत चर पडतात. दर काही मिनिटांनी श्वासाला येते, तेही नाकपुड्यांपुरती. तीन तास नुसतं पाणी. ती दिसली नाही तर मला तोंड उघडावं लागणार होतं, दिसली तर काही लपणार नव्हतं. शेवटी फुस्स आवाज झाला. दोन नाकपुड्या, करडी पाठ आणि बुडी मारताना शेपटी. दुभंगलेली.

दस्तगीरभाई माझ्याकडे वळले.

"शेपूट चुकलंय की, सर."

लॉजवर त्यांनी करवत-कानस काढली, शेपटीच्या मधोमध खाच पाडली, टोकं तासली. म्हणाले, चांदी कमी पडली असती तर डाग देऊन तुकडा जोडावा लागला असता, कापायला काय लागतंय. मदुराईत व्यापाऱ्यानं गाय तळहातावर फिरवून पाहिली आणि चाळीस नग सांगितले.

परत येऊन आठवडा झाला. काल हुपरीला जाऊन मी सगळं कबूल केलं. दस्तगीरभाईंनी कानस थांबवली नाही.

"ठाऊक हाय. बेंगळूर सोडल्यापास्नं तुमी एकच पान धरून बसलेलासा."

मग विचारलं का नाही?

"म्हटलं, सर आपणहून सांगत्यात का बघूया."

म्हणजे नावेत तीन तास मी पाणी न्याहाळत होतो आणि दस्तगीरभाई मला.