दुभाजकातली फट

शहर वसवायच्या गेममध्ये माझं ट्रॅफिक सारखं तुंबायचं. मग व्हिडिओ बघून शिकलो: गल्ल्या थेट मोठ्या रस्त्याला जोडायच्या नाहीत, मधे सलग दुभाजक टाकायचा. मी तळवड्यातला आमचाच रस्ता गेममध्ये बांधला, दुभाजक टाकला आणि चाकणकडे जाणारे ट्रक सुसाट सुटले.

खऱ्या रस्त्यावर मात्र आमच्या गल्लीसमोर लोकांनी दुभाजक फोडून बाइकपुरती फट केली होती. तिच्यातून कुणी आडवा घुसला की माझं डोकंच फिरायचं.

एका संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. पुढच्या चौकातून वळून यावं, तर शिफ्ट नुकतीच सुटलेली, चौक कंपन्यांच्या बसनी गच्च भरलेला. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "भाऊ, चौकातून वळून तुमच्या बाजूला येताच येणार नाही." बाबा घामाने निथळत होते. गल्लीतल्या लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. मी हात आडवे करून ट्रकसमोर उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते ओरडत सुटलो. खुर्ची तिरकी करून त्या फटीतून कशीबशी पलीकडे गेली.

बाबा बरे होऊन घरी आले. परवा मी गेम उघडला, तर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"आपली फट कुठंय यात?"

"यात दुभाजक फोडता येत नाही, बाबा."

त्यांनी स्क्रीनवर सुसाट पळणाऱ्या ट्रककडे बोट दाखवलं.

"मग तुझ्या या शहरात म्हातारी माणसं ठेवू नकोस."